पुणे रोडवरून मेट्रो गेली तर सोसायटीने आत्तापासून काय काय करून ठेवायचं?

द्वारका_पूर्व

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये द्वारका ते दत्त मंदिर या पट्ट्यात, पुणे रोडला लागून आमची सोसायटी आहे. स्टिल्टवर चार मजले, २४ फ्लॅट, रस्त्याच्या बाजूला ६ गाळे, बांधकाम १९९८ चं. गंगापूर–सातपूर–सीबीएस–द्वारका–नाशिक रोड हा मार्ग २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केला, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हापासून प्रत्येक वार्षिक सभेत हाच विषय निघतो. मेट्रो निओ (रबरी टायरची गाडी) येवो नाहीतर रुळांवरची साधी मेट्रो, उन्नत मार्ग आमच्या दारातूनच जाणार हे गृहीत धरून विचारतो आहे.

१. समोरची किती जागा जाऊ शकते? मोबदला कसा काढतात?
२. खांबांच्या खोदकामाने इमारतीला तडे गेले तर ते सिद्ध कसं करायचं?
३. सोसायटीची बोअर आणि समोरची सात जुनी झाडं (चार कडुनिंब, दोन वड, एक पर्जन्यवृक्ष) यांचं काय?
४. गाळे भाड्याने दिलेले आहेत. भाडेकरूंना काही मिळतं का?
५. कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) अजून झालेलं नाही. त्याने फरक पडतो का?

"काळजी करू नका" एवढंच सांगू नका ही विनंती. नेमकं काय करायचं ते हवं आहे.

---

खडक_आणि_पाया

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. मोबदल्याचं जाणकार लिहितीलच.

खांबांच्या रांगेला जागा फार लागत नाही. खांब १.८ ते २ मीटर व्यासाचा असतो आणि दुभाजकात बसतो. जागा जाते ती स्थानकाला, वळणाला, आणि डेपो किंवा वीज उपकेंद्राला. स्थानकाचे जिने, लिफ्ट आणि सरकते जिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरतात आणि फूटपाथ अरुंद असेल तर थेट पुढच्या प्लॉटमध्ये येतात. वळणावर रस्ता जेवढा पटकन वळतो तेवढा उन्नत मार्ग वळत नाही, म्हणून कोपऱ्यावरचा प्लॉट कापला जातो. रबरी टायरच्या निओला रुळांवरच्या गाडीपेक्षा लहान त्रिज्येचं वळण चालतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मिळकतींना 'निओ की मेट्रो' हा फरक मोठा आहे. तुम्ही सरळ रस्त्यावर असाल तर एकच गोष्ट बघा: तुमच्या दारापासून सर्वात जवळचं स्थानक नेमकं कुठल्या साखळीअंतरावर (मार्गाच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरावर) आहे.

हे कळायला माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "मेट्रोची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, मोघम उत्तर येतं. मागायचं ते असं: तुमच्या सर्व्हे नंबरसमोरच्या मार्गरेषेच्या नकाशाची शीट, स्थानकाचा आराखडा (प्रवेशद्वारांसह), खांबांच्या स्थानांची यादी, माती तपासणीच्या बोअरचे लॉग (किती खोलीवर कोणता थर लागला त्याची नोंद), आणि तोडायच्या झाडांची यादी.

द्वारकेला आणखी एक बाब आहे. तिथे मुंबई–आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल आधीच आहे. एरवी उन्नत मार्गाची खालची मोकळीक साडेपाच मीटर, त्यावर दोनेक मीटर गर्डर (खांबांवरची आडवी तुळई), म्हणजे गाडी साडेसात–आठ मीटरवरून धावते. स्टिल्टवरच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर. पण उड्डाणपुलावरून जायचं झालं तर पुलाचा पृष्ठभाग साधारण आठ मीटर, त्यावर परत साडेपाच मोकळीक आणि परत गर्डर, म्हणजे पंधरा मीटरच्या पुढे. एवढी चढण एकदम घेता येत नाही, त्यामुळे चौकाच्या दोन्ही अंगांना बरंच अंतर उंची वाढलेलीच राहते. तुमच्या शीटवर उभा छेद (मार्गाची उंची दाखवणारा नकाशा) मागून घ्या. आवाज आणि आडोसा यांचा त्रास दुसऱ्या मजल्याला की चौथ्याला, ते त्यावरून कळेल.

आता तडे.

नाशिकला वर काळी माती किंवा मुरूम, खाली झिजलेला आणि मग कठीण बेसाल्ट. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा मऊ थर लागतो, रेड बोल म्हणतात त्याला. पाणी लागलं की तो भसकतो. म्हणून बोअर लॉग मागायला सांगितलं. खांबाखाली साधारणपणे १.२ मीटर व्यासाचे चार पाइल (जमिनीत खोल भोक पाडून भरलेले काँक्रीटचे खांब) आणि वर त्यांना जोडणारा पाच बाय पाच मीटरचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे पाइल कॅप असतो. खडक वरच लागला तर पाइलऐवजी उघडा पाया घेतात. धोका भोकापेक्षा भोक पाडण्याच्या पद्धतीत आहे. रोटरी रिगला (फिरवून भोक पाडणाऱ्या यंत्राला) कोअर बॅरल (दातेरी नळकांडं) लावून कापलं तर हादरे कमी. खडक दाद देत नाही म्हणून वरून जड छिन्नी आपटायला लागले की हादरे एकदम वाढतात. उघड्या पायासाठी ब्रेकर लावला तरी तेच. काम सुरू होण्याआधी लेखी मागा की वस्तीच्या पट्ट्यात छिन्नी आणि सुरुंग वापरणार नाही, आणि वापरावाच लागला तर हादरेमापक तुमच्या इमारतीच्या पायाशी बसवून.

मोजमापाला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ धरतात. राहत्या इमारतीला, पायाजवळ मोजलेला हादऱ्याचा वेग १० हर्ट्झखाली ५ मिमी प्रति सेकंद, ५० हर्ट्झला १५, १०० हर्ट्झला २०. जुन्या नाजूक वाड्यांना अनुक्रमे ३, ८, १०. वारंवारता न लिहिता नुसता "वेग इतका" असा अहवाल दिला तर तो परत पाठवा, त्यातून काहीच ठरत नाही.

आणि ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: रिग येण्याआधीची नोंद नसेल तर तुमच्याकडे दावाच नाही. कंत्राटदार म्हणणार "तडा जुना आहे", आणि नाही म्हणायला हातात कागद नसणार. नोंद अशी करा:

– तुमची इमारत १५ ते ३० वर्षांच्या गटात आहे. आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावीच लागते. ती आत्ताच करून घ्या.
– प्रत्येक फ्लॅट, जिना, गच्ची, पाण्याची टाकी. प्रत्येक तड्याचा फोटो, शेजारी स्टीलची पट्टी धरून, तारखेसह. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख. पुढे तडा रेघ ओलांडून गेला तर तो वाढला हे कोणालाही दिसतं.
– मोठ्या तड्यांवर काचेची पट्टी चिकटवा किंवा क्रॅक गेज लावा. काच दोन्ही बाजूंना पक्की बसली पाहिजे. रंगावर चिकटवली तर रंग सुटतो आणि काच तशीच अखंड राहते. आधी प्लास्टर उघडं करा, मग इपॉक्सी.
– चार कोपऱ्यांच्या कॉलमवर लेव्हलचे खिळे मारून सर्व्हेअरकडून पातळी घ्या.

काळ्या मातीवर पाया असेल तर तडे एप्रिल–मेमध्ये उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात. म्हणून एकदा मेमध्ये आणि एकदा सप्टेंबरमध्ये, असे किमान दोन वाचन हवेत. एकच वाचन मेमधलं असेल तर पुढच्या मेमधला तडा "हा तर तसाच होता" म्हणून निकालात निघतो. सप्टेंबरमधलं एकच असेल तर उलटा घोळ: मातीमुळे उघडलेला तडा तुम्ही कामावर ढकलताय असं म्हणतील, आणि ते बरोबर असेल.

कंत्राटदारही कामाआधी इमारतींची पाहणी करतो. त्या अहवालावर सोसायटीची सही, आणि प्रत सोसायटीकडे. नुसता "पाहणी झाली" असा शेरा नको. नुकसानभरपाई बहुधा कंत्राटदाराच्या 'ऑल रिस्क' विम्यातल्या त्रयस्थ दायित्वातून येते, त्यामुळे पॉलिसीची मुदत आणि दावा कोणाकडे द्यायचा हे अहवालासोबतच लेखी घ्या.

---

सातबारा_ते_निवाडा

वरच्या उत्तरात भर म्हणून जमिनीचं लिहितो. पाचव्या प्रश्नापासून सुरुवात, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

कन्व्हेयन्स नसेल तर प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर मूळ मालक नाहीतर बिल्डर असतो. नोटीस त्याच्या नावाने निघते, निवाडा (मोबदला ठरवणारा अधिकृत निर्णय) त्याच्या नावाने होतो. तुम्ही हितसंबंधी म्हणून हरकत घेऊ शकता, पण मग रक्कम वाटणीच्या वादात अडकते. आजच जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करा, नमुना सातमध्ये. कायद्यात सहा महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. अर्जात क्षेत्र लिहिताना मंजूर नकाशा, प्रत्यक्ष मोजणी आणि प्रॉपर्टी कार्ड ही तिन्ही जुळतात का ते आधी बघा. रस्तारुंदीकरणात आधीच सोडलेली पट्टी कार्डावरून कमी झालेली नसते, तिथेच बहुतेक अर्ज अडतात.

मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याने. १९७८ च्या मेट्रो रेल्वे बांधकाम कायद्याखाली संपादन झालं तर कार्यपद्धती वेगळी असते, पण २०१५ च्या आदेशानंतर मोबदला आणि पुनर्वसन २०१३ च्याच अनुसूचींप्रमाणे द्यावं लागतं. हिशेब असा:

बाजारमूल्य (कलम २६) म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) दर किंवा आसपासच्या तीन वर्षांतल्या नोंदणीकृत खरेदीखतांची सरासरी, यातलं जास्त असेल ते. सरासरी काढताना सगळी खतं धरत नाहीत, जास्त दराची अर्धीच धरतात. म्हणून तुमच्या परिसरातल्या चांगल्या दराच्या खतांचे इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचे उतारे) काढून ठेवा. अधिकाऱ्याकडे ते आपोआप येतील असं समजू नका. शहरी भागात गुणक एक. त्यात बांधकाम, भिंत, बोअर, झाडं यांचं मूल्य मिळवायचं. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. शिवाय जमिनीच्या बाजारमूल्यावर, अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यातल्या आधीच्या तारखेपर्यंत वर्षाला १२ टक्के.

समजा ४० चौ.मी. पट्टी गेली, दर चौरस मीटरला ५०,००० धरला. जमीन २० लाख, कंपाऊंड आणि गेट वगैरे ३ लाख, मिळून २३ लाख. दिलासा रक्कम धरून ४६ लाख. दीड वर्ष गेलं तर २० लाखांवर १२ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार. एकूण ४९ लाख ६० हजार. दर फक्त समजावण्यासाठी घेतला आहे, तुमचा दर रेकनरच्या तुमच्या विभागात बघा.

तारखा चुकवू नका:
– कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली की ६० दिवसांत लेखी हरकत. तोंडी सांगितलेली हरकत म्हणजे हरकत नाही.
– संयुक्त मोजणीच्या दिवशी सोसायटीचा माणूस हजर हवाच. भूमी अभिलेखचा मोजणीदार जी रेघ मारतो तीच पुढे निवाड्यात येते. बोअर, पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा, झाडं हे सगळं त्या दिवशीच्या पंचनाम्यात लिहून घ्या.
– निवाडा मान्य नसेल तर पैसे "हरकत राखून" असं लिहूनच घ्या. तसं न लिहिता घेतले तर कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे.

थेट वाटाघाटीने खरेदीचा प्रस्ताव आला तर त्यात २५ टक्के वाढीव रक्कम असते आणि पैसे लवकर येतात. पण खरेदीखतावर सही केली की वाढीव मोबदल्याचा रस्ता बंद. रेकनरचा दर तुमच्या भागात बाजाराच्या जवळ असेल तर वाटाघाट चांगली. दर मागे पडलेला असेल तर आधी इंडेक्स टूची सरासरी काढा, मग ठरवा. कराचंही बघा: कलम ९६ खालची आयकर सूट या कायद्याखालच्या निवाड्याला आणि कराराला आहे, त्यामुळे खताच्या मसुद्यात कायद्याचा उल्लेख कसा आहे ते सीएला दाखवल्याशिवाय सही नको.

टीडीआर (पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला तर घाई करू नका. दाट वस्तीबाहेर दिलेल्या जागेच्या दुप्पट टीडीआर मिळतो हे ऐकायला छान वाटतं, पण तुमचा एफएसआय (प्लॉटवर करता येणाऱ्या बांधकामाची मर्यादा) वापरून झालेला असेल तर तो जागेवर वापरता येत नाही, विकावा लागतो. स्वस्त दराच्या भागातला टीडीआर महाग भागात वापरताना दोन्हीकडच्या रेकनरच्या प्रमाणात आकसतो, आणि खरेदीदार तेवढं वजा करूनच भाव देतो. पुनर्विकास जवळ असेल तरच टीडीआर किंवा जागेवरचा एफएसआय फायद्याचा.

सोसायट्या विसरतात असा एक मुद्दा: इमारतीचा भाग कापला जात असेल, नुसतं मोकळं अंगण नाही, तर कलम ९४ खाली "घ्यायची तर पूर्ण इमारत घ्या" असं म्हणता येतं. आणि पट्टी गेल्यावर पुढचा मार्जिन (इमारतीपुढे सोडायची मोकळी जागा) कमी होतो, पार्किंग कमी होतं, अग्निशमनाच्या गाडीला वळायला जागा उरत नाही. उरलेल्या मिळकतीचं हे नुकसानही कलम २८ खाली मागायचं असतं. आर्किटेक्टकडून "आधी आणि नंतर" असा नकाशा करून हरकतीला जोडा.

---

द्वारका_पूर्व

दोघांचेही आभार. कन्व्हेयन्सची फाईल उद्याच काढतो. गाळ्यांचे भाडेकरू विचारतायत की बॅरिकेडमुळे गिऱ्हाईक तुटलं तर त्याचे पैसे मिळतात का?

---

सातबारा_ते_निवाडा

स्पष्ट सांगतो: जागा न जाता नुसत्या बॅरिकेडमुळे धंदा बसला तर भूसंपादन कायद्यात त्याची भरपाई नाही. त्यांची लढाई वेगळी आहे, आणि ती कामाआधी लढायची: बॅरिकेडला दर गाळ्यासमोर उघडं तोंड, माल उतरवायची ठरलेली वेळ, पादचाऱ्यांना सलग रस्ता. हे वाहतूक पोलिसांच्या परवानगीच्या अटींत लिहून घ्यायचं. एकदा पत्रे ठोकले की कोणी हलवत नाही.

गाळाच संपादनात गेला तर गोष्ट वेगळी. आधीची तीन वर्षं तिथे उपजीविका असलेला भाडेकरूही 'बाधित कुटुंब' या व्याख्येत येतो. दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे विस्थापित झाल्यास वर्षभर महिना ३,००० रुपये निर्वाहभत्ता, वाहतुकीला ५०,०००, पुनर्वसनभत्ता ५०,०००, छोट्या व्यापाऱ्याला किमान २५,००० एकरकमी. रकमा थोड्या आहेत हे खरं, म्हणून एकही सोडू नका. तीन वर्षांचा पुरावा लागतो: नोंदवलेला भाडेकरार, दुकान नोंदणी, वीजबिल, जीएसटी. अकरा महिन्यांचे सुटे, न नोंदवलेले कागद असतील तर मधे खंड दिसतो आणि दावा तिथेच कोसळतो. आत्ताच नीट करून घ्या.

---

नंदिनीकाठ

झाडं आणि पाणी राहिलं, ते घेतो.

आधी एक समज: मेट्रोच्या मार्गाला २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही, ती यादीतच नाही. त्यामुळे पर्यावरणाची जनसुनावणी होईल आणि तिथे बोलू, याची वाट पाहू नका. परदेशी वित्तसंस्थांचं कर्ज असलं की त्यांच्या अटींनुसार अभ्यास होतो, नागपूर आणि पुण्याच्या मेट्रोला अशी कर्जं आहेत. आपल्या हातात प्रत्यक्षात राहतो तो वृक्ष अधिनियम, १९७५.

तोडण्याआधी जाहीर नोटीस निघते आणि झाडावरही चिकटवतात. हरकतीची मुदत फार थोडी असते, म्हणून सातही झाडांची नोंद आजच करा: जात, छातीच्या उंचीवरचा घेर, फोटो, नकाशावरचं स्थान. घेर महत्त्वाचा, कारण त्यावरून वय काढतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात आणि सात वर्षं जगवावी लागतात. पन्नास वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं. वय कमी लिहिलं गेलं तर बदली झाडांची संख्या तिथेच घसरते: ५० ऐवजी ३० वर्षं लिहिलं की एका झाडामागे २० रोपं गेली.

पुनर्रोपणाचं ऐकून लगेच होकार देऊ नका. तुमचे वड जगतील, वड–पिंपळ–उंबर मूळ धरतात. मोठा कडुनिंब आणि पर्जन्यवृक्ष सहसा नीट जगत नाहीत. मुळांचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ ते दहापट रुंद हवा. ४० सेंटीमीटरच्या खोडाला साडेतीन–चार मीटर. नाशिकच्या उथळ मुरमात मुळं खाली न जाता आडवी पसरतात, गोळा उचलताना फुटतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. चर खणून मुळं टप्प्याटप्प्याने काही आठवडे आधी कापलेली असली पाहिजेत आणि हलवण्याचं काम पावसाळ्याच्या तोंडावर झालं पाहिजे. एप्रिलमध्ये जेसीबीने उपटून ट्रकमध्ये टाकलेलं झाड जगत नाही. नकाशात पाहा, बऱ्याचदा झाड खांबाच्या नव्हे, तात्पुरत्या वळणरस्त्याच्या आड येत असतं. तो रस्ता दोन मीटर सरकवला तर झाड वाचतं. हरकतीत हाच पर्याय मोजून, नकाशासह लिहा. "झाडे वाचवा" एवढ्यावर सुनावणी दोन मिनिटांत संपते.

बोअरचं: उन्नत मार्गात पाणी उपसून पातळी खाली जाण्याची भीती भुयारी मार्गाइतकी नाही. पण बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरातून येतं. पाइल नेमक्या त्याच भेगेत काँक्रीटने भरला गेला तर शेजारची एखादी बोअर कमी पडू शकते. पंप बंद करून रात्रभर थांबा, सकाळी दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजा, महिन्याला एकदा, वर्षभर. पंप किती वेळात टाकी भरतो तेही लिहा. मे महिन्यातली पातळी मागच्या मेशी ताडून पाहायची, सप्टेंबरशी नाही.

पावसाळी गटार मात्र हमखास बिघडतं. पाच बाय पाचचा पाइल कॅप जुन्या गटारावर येतो, गटार वळवतात, वळवलेल्या तुकड्याला उतार मिळत नाही, आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुमच्या स्टिल्टमध्ये. गटाराच्या तळाची पातळी तुमच्या गेटपाशी आणि पुढच्या दोन चेंबरमध्ये आत्ताच मोजून घ्या. वळवल्यावर परत मोजा. पुढचा चेंबर खालच्या पातळीवर नसेल तर काँक्रीटने झाकण्याआधी काम थांबवा. नंतर ते कोणी उघडत नाही. खांबातून उतरणारे पावसाच्या पाण्याचे पाइप गटाराला जोडलेले आहेत की रस्त्यावर मोकळे सोडलेत, हेही बघायचं. आणि पाइलच्या भोकातून निघालेला चिखल नासर्डीच्या किंवा वालदेवीच्या काठी पडताना दिसला तर ट्रकच्या नंबरसह, तारीखवेळ दिसेल असा फोटो काढून महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ दोघांकडे त्याच दिवशी द्या.

---

खडक_आणि_पाया

आवाजाचं माझ्याकडून राहिलं होतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ ला ४५ डेसिबल. पुणे रोडवर आजचाच आवाज याच्या वर असणार. म्हणून "मर्यादा ओलांडली" एवढं म्हणून भागत नाही, "आधीपेक्षा किती वाढला" हे दाखवावं लागतं. सलग २४ तासांचं मोजमाप, दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी. सिंहस्थाची रस्त्याची कामं समोर चालू असतील त्या आठवड्यात मोजू नका, आधीचा आकडा फुगलेला येईल आणि पुढे तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल. गर्डर चढवण्याचं काम वाहतुकीमुळे रात्रीच होतं. त्याच्या रात्री आधी कळवाव्यात आणि जनरेटर इमारतीच्या बाजूला ठेवू नये, या दोन मागण्या बॅरिकेडच्या अटींसोबतच एका पत्रात द्या.